दहात दहा

निवृत्त झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही, असं म्हणतात. माझ्या बाबतीत उलटं झालं. लष्कराच्या एका कार्यशाळेत मी अठ्ठावीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली. तेवढा काळ सदाशिव पेठेत माझी ओळख 'ते मिलिटरीत स्क्रू पिळतात ते' एवढीच होती. निवृत्त झालो आणि दाराशी जीपगाड्या उभ्या राहू लागल्या. आमच्या गल्लीत स्कूटर वळवायलाही दोनदा पाय टेकावा लागतो, त्यामुळे समोरच्या क्लासच्या बाई खिडकीतून विचारायच्या, "अहो, आपले पाहुणे गाडी न्यायला कधी येणार आहेत, की इथंच ठेवून जाणार आहेत?"

ही मंडळी यायची शहराच्या कडेच्या गावांतून. बायपास झाला होता, हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि ज्वारीच्या रानात 'आयटी पार्कपासून वीस मिनिटे' असे फलक लागले होते. वीस मिनिटं कुणाच्या घड्याळात, ते फलकावर नसायचं. जमीन विकली की आधी जीप यायची, मग गळ्यात साखळी, मग शस्त्राचा परवाना. परवाना आला की पिस्तूल. आणि इथं गंमत होती. देशाची सगळी दारं उघडली होती. परदेशी मोटारी आल्या, परदेशी शीतपेयं आली, पोरं परदेशी कंपन्यांच्या नोकऱ्या पुण्यात बसून करू लागली. परदेशी पिस्तुलाची आयात मात्र बंद ती बंदच. त्यामुळे पूर्वी कधीतरी देशात आलेली, चाळीस-पन्नास वर्षांची जुनी पिस्तुलंच एका परवानेदाराकडून दुसऱ्याकडे फिरायची. जुन्या वस्तूत पारख लागते, आणि ती या लोकांना नव्हती. मला होती. वासरांत लंगडी गाय शहाणी.

मी पैसे घेत नसे. हे मी आजही अभिमानाने सांगतो, आणि सांगितल्यावर स्वतःचाच राग येतो. पैसे घेतले असते तर निदान धंदा म्हणता आलं असतं. मला हवा होता मान. पुण्यातल्या दुकानदारांनी "तुम्ही हो म्हणा, मग आम्ही दाखवतो" असं म्हटलं की मला चार दिवस जेवण गोड लागायचं.

माझी धाकटी बहीण वारज्यात दिलेली आहे. लग्न झालं तेव्हा वारजं म्हणजे विहीर, गोठा आणि संध्याकाळची शेवटची बस. आमच्या आईने "मुलगी रानात दिली" म्हणून डोळ्याला पदर लावला होता. पंचवीस वर्षांत त्या रानाचे प्लॉट पडले आणि आमचे दाजी मोठे झाले. दाजी म्हणजे तिचे यजमान. माणूस दिसायला उमदा, बोलायला गोड, आणि संतापला की हातात येईल ते फेकणारा. बहिणीच्या घरी दूरदर्शन संचाची काच तीनदा बदलली होती. ती "मुलांनी चेंडू मारला" म्हणायची. मुलं दोन्ही वसतिगृहात होती.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. सदाशिव पेठेत वडिलांच्या नावावर दोन खोल्या होत्या. ती इमारत पाडून नवी बांधायची ठरली तेव्हा बिल्डरला कागद स्वच्छ हवे होते. बहिणीचं हक्कसोडपत्र लागणार होतं, म्हणजे वडिलांच्या मिळकतीत माझा हिस्सा नाही, भावाने सुखाने घ्यावा, असं तिने लिहून द्यायचं. भाऊबीजेला ती आली होती. जेवण झालं, मी तिला चांगली साडी दिली आणि साडीबरोबर कागद पुढे केला. तिने वाचलाही नाही. फक्त विचारलं, "माझी माळ्यावरची ट्रंक राहील ना रे इथं?" मी म्हटलं, राहील की, घर काय परक्याचं आहे? नव्या फ्लॅटला माळा नव्हता. ट्रंक मी टेम्पोतून वारज्याला पाठवून दिली. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. सगळीकडे हीच रीत आहे. बहिणी सही देतात, भाऊ साडी देतात.

तर दाजींनाही परवाना मिळाला. अर्जात कारण लिहिलं होतं 'आत्मसंरक्षणार्थ'. ते घरी आले, चहा बशीत ओतून प्याले आणि म्हणाले, "पाव्हणं, पैशाकडं बघू नका. पण माल खात्रीचा पायजे. टायमाला दगा नको."

"कसली वेळ येणार आहे?" मी विचारलं.

"येळ काय सांगून येती व्हय?" असं म्हणून ते हसले. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात बहीण एकटी आली, दुपारची, सिटी बसने. घरात तीन गाड्या असताना ती बसने आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझी बायको मंडईत गेली होती. बहीण स्वयंपाकघरात गेली, स्वतः पाणी घेतलं, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "दादा, माझं एक काम कर. न चालणारं बघ."

मला आधी कळेना. "काय न चालणारं?"

"पिस्तूल. दिसायला चांगलं असू दे. ह्यांना आवडेल असं. पण चालायला नको."

मी तिला खुळी म्हटलं. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं एकही हत्यार दुरुस्तीला परत आलं नव्हतं. ती म्हणाली, "अरे, चिडले की हातात येईल ते भिरकावतात. उद्या हातात हेच आलं तर?" मग म्हणाली, "आणि वन्सं सही देत नाहीयेत."

वन्सं म्हणजे तिच्या दोघी नणंदा. एक मुळशीकडे दिलेली, दुसरी भोरला. रस्त्याला लागून सासऱ्यांच्या नावाचा एक तुकडा उरला होता, सगळ्यात भारी भावाचा. त्यावर या दोघींचंही नाव लागलं होतं आणि बिल्डर त्यांच्या सहीवाचून पुढे सरकत नव्हता. दोघी म्हणत होत्या, आमचा हिस्सा आम्हाला द्या, मग सही. दाजी घरी म्हणायचे, "सया कशा होत न्हाईत त्येच बगतो."

"मग त्यांचं ते बघून घेतील," मी म्हटलं. "तू कशाला मध्ये पडतेस? आणि माझ्या नावाला बट्टा लावू म्हणतेस? उद्या दुकानदार काय म्हणेल, म्हाताऱ्याचे डोळे गेले?"

तिने पेला धुऊन पालथा घातला. जाताना एवढंच म्हणाली, "बघ जमलं तर." आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ती दुसरी गोष्ट. पहिली ट्रंक होती.

कॅम्पातल्या शस्त्रांच्या एका जुन्या दुकानात मी आणि दाजी गेलो. दुकानदाराने कापड अंथरलं आणि तीन पिस्तुलं मांडली. तिन्ही बत्तीस बोअरची, तिन्ही परवान्यावरची, एकाच्याही कागदात खोट नव्हती. एक आपल्याकडच्या बनावटीचं, बऱ्यापैकी नवं. दाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देशी वस्तू दाखवायला कोण घेतो?

दुसरं स्पॅनिश, चांदीसारखं चकचकीत, मुठीला शिंपल्याच्या पट्ट्या. दाजींनी ते उचललं आणि आरशात स्वतःकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिले. तिसरं बेल्जियमचं, काळपट, कडा झिजून राखाडी झालेल्या, मुठीवर घामाचे डाग. एका वारलेल्या डॉक्टरांचं. त्यांच्या बायकोने विकायला ठेवलं होतं.

मी चकचकीत पिस्तूल हातात घेतलं आणि मला सगळं दिसलं. जुन्या हत्याराला नवा मुलामा दिसला की मी आधी विचारतो, झाकायचं काय होतं? वरच्या सरकत्या भागावरचा क्रमांक आणि खालच्या सांगाड्यावरचा क्रमांक जुळत होते, पण एक पुन्हा कोरलेला होता. मॅगझिनच्या ओठाला कुणीतरी पक्कड लावली होती. स्प्रिंग एक वेढा कापून बसवलेली. आणि गोळीवर आपटणाऱ्या पिनेच्या खाचेत लालसर, चिकट, घट्ट झालेला थर. तो गंज नव्हता. कुंकू होतं. आमच्याकडे दसऱ्याला हत्याराची पूजा करतात. तेलात कालवलेलं हळदकुंकू बोटाने लावतात, झेंडूची पाकळी खुपसतात आणि वर्षभर पुसत नाहीत. वीस-बावीस दसरे त्या पिनेने सोसले होते. जगातल्या कुठल्याही पुस्तकात पिस्तुलाचा हा रोग लिहिलेला नसेल. पुण्यात मी तो निम्म्या पिस्तुलांत पाहिला आहे.

ते पहिल्या गोळीला अडलं असतं, नाहीतर दुसरीला. तिसरी तर निघालीच नसती.

आता हे नीट ऐका. दाजी ते पिस्तूल खाली ठेवायला तयार नव्हते. "ह्येच घिऊ, पाव्हणं. काय रुबाब हाय!" त्यांचं ठरलं होतं. दुकानदारही खूश होता. बहिणीने मागितलं होतं नेमकं तसं, दिसायला देखणं आणि चालायला नालायक, ते तिच्या नवऱ्याच्या मुठीत आपणहून येऊन बसलं होतं. मला खोटं बोलायचं नव्हतं, फसवायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

दुकानदाराने तेवढ्यात म्हटलं, "साहेबांना विचारा. पुण्यात यांच्याइतकं कळणारं दुसरं कोण आहे?"

झालं. माझ्या तोंडून शब्द आपोआप निघाले. "ठेवा ते खाली," मी म्हणालो. "नवरदेवाचं घोडं आहे ते. वरातीपुरतं." मग मी सगळं उलगडून दाखवलं. टाचणीने कुंकू उकरून कागदावर काढलं. कापलेली स्प्रिंग बोटावर धरून दाखवली. पाऊण तास मी बोलत होतो. दुकानात आलेले आणखी दोघे ऐकायला थांबले. मग काळपट पिस्तूल घेतलं. नळीतून उजेड पाहिला, आतले पीळदार आटे जराही झिजलेले नव्हते. खटका, कुलूप, स्प्रिंगा, दोन्ही मॅगझिनं, सगळं मूळचं. डॉक्टरांनी दर महिन्याला पुसलं असणार आणि पूजा कधीच केली नसणार. चाचणीला मागच्या बाजूच्या वाळूच्या पेटीत दहा गोळ्या झाडल्या. दहाच्या दहा गेल्या, एकही अडली नाही.

"दहात दहा," मी दाजींना म्हणालो.

"दहात धा!" दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. बहिणीची आठवण मला झाली नाही असं नाही. झाली. पण ती थाप फार बरी वाटली. माणूस म्हातारपणी असा विकला जातो, आणि फुकट.

पोलिसांची मंजुरी, परवान्यावर नोंद, हे सगळं होऊन पिस्तूल वारज्याला गेलं. महिन्याभरात दसरा आला. दाजींचा निरोप आला, जेवायला यायचंच. मी गेलो. दारात झेंडूचं तोरण, जीपला हार, ट्रॅक्टरला हार. त्या ट्रॅक्टरला नांगरायला आता जमीन राहिली नव्हती. दोघी नणंदाही आल्या होत्या. सणाला माहेरी बोलावलं म्हणून नवी लुगडी नेसून आल्या होत्या, लेकरांना खाऊ आणला होता. थोरलीने आल्याआल्या आईच्या तसबिरीला हात जोडले.

पूजेआधी दाजींनी पिस्तूल माझ्याकडे दिलं. मी मागच्या पडवीत जाऊन मॅगझिन काढलं, नळीत गोळी नाही हे डोळ्याने पाहिलं, बोटाने चाचपलं. मॅगझिन आणि गोळ्या कपाटात ठेवून किल्ली दाजींना दिली. पिस्तूल पाटावर मांडलं. "कुंकू लावायचं नाही," मी बजावलं. "फूल बाजूला ठेवा." दाजींनी ऐकलं. एका वस्तूची तरी मी अब्रू राखली.

जेवणं झाली. श्रीखंड होतं. बायका हात पुसत बाहेर आल्या आणि दाजींनी कपाटातून कागद काढले. सतरंजीवर बसलो होतो सगळे. पाट भिंतीशी होता तो त्यांनी, कागदाला टेकू हवा म्हणून असेल, मध्ये ओढला. पिस्तूल त्याच्यावर तसंच होतं. कागद त्याच्या शेजारी ठेवले.

कुणी धमकी दिली नाही. कुणी आवाजही चढवला नाही. धाकट्या नणंदेने पिस्तुलाकडे बघून विचारलं, "ह्ये खरं हाय व्हय रं दादा?" दाजी हसले आणि माझ्याकडे वळले. "पाव्हण्यांनी निवडलंय. मिलिटरीतलं मानूस. पाव्हणं, सांगा यास्नी, कधी अडतं का ह्ये?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बहीण दाराच्या चौकटीत उभी होती, हातात विड्याचं तबक. तीही बघत होती. ते पिस्तूल रिकामं होतं. त्या खोलीत हे फक्त मला आणि दाजींना माहीत होतं. 'अहो, रिकामं आहे ते,' एवढे चार शब्द पुरले असते.

"नाही," मी म्हणालो. "दहात दहा."

थोरलीने सही केली. धाकटीला लिहिता येत नव्हतं, तिने अंगठा दिला. शाई लावताना तिचा हात पिस्तुलाला लागू नये म्हणून तिने पदर आवरून धरला होता. मग दाजींनी कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदाराची सही हवी होती. मी केली. झोकदार सही आहे माझी, कार्यशाळेत सगळे नावाजायचे. दुसऱ्या दिवशी दोघींना जीपमधून नोंदणी कचेरीत नेण्यात आलं.

घरी येताना मी स्वतःला समजावत होतो. त्यांच्या घरातलं भांडण आहे. सही होणारच होती. मी काही खोटं बोललो नाही, पिस्तूल खरंच अडत नाही. सदाशिव पेठेत शिरेपर्यंत माझं मलाच पटलं होतं.

भाऊबीजेला ती दरवर्षी येते. त्या वर्षी आली नाही. "तूच ये," असा निरोप आला, म्हणून मी गेलो. दाजी बिल्डरबरोबर बाहेर होते. तिने पाट मांडला. तोच पाट. मला बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. मी ताम्हनात पाकीट टाकलं. तिने पाकिटाकडे पाहिलंही नाही आणि ते मला सहन होईना. दिलासा द्यावा म्हणून मी म्हटलं, "अगं, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी ते पिस्तूल रिकामं होतं. मीच रिकामं केलं होतं."

तिच्या हातातलं ताम्हन थांबलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तर स्वयंपाकघरात त्यांच्या कानात सांगितलं असतं, घाबरू नका, रिकामं आहे, सही देऊ नका. दादा, म्हणून तर न चालणारं मागितलं होतं. घरात एकीला तरी ठाऊक हवं होतं की ते चालत नाही." मग म्हणाली, "भोरच्या वन्सं गेल्या त्या मला न भेटता गेल्या. त्यांना वाटतं, माझ्या भावाने आणून दिलं, म्हणजे मीच आणवलं."

कोंडीत सापडलो की मी चिडतो, ही जुनी खोड आहे. मी म्हणालो, "हे बघ, कुणी त्यांच्यावर ते रोखलं नव्हतं. सह्या त्यांनी आपल्या हाताने केल्या. मी साक्षीदार आहे."

ती निरांजन विझू नये म्हणून तळहात आडवा धरून उभी होती. शांतपणे म्हणाली, "आपल्याच हाताने केल्या. मीपण माझ्याच हाताने केली होती, तुझ्या कागदावर. अशीच भाऊबीज होती. तेव्हा तुझ्याकडे पिस्तूल नव्हतं, दादा. तुला लागलंच नाही."